दिवाळीच्या सुट्टीत बसवलेली छाटणी

३ सप्टेंबर
प्लॅन पक्का. अख्खी दिंडोरी ऑक्टोबरात द्राक्षबाग छाटते, मी परवाच छाटणार. छाटणीनंतर दीड महिन्याने घड औषधात बुडवायचं काम येतं, म्हणजे बरोब्बर दिवाळी. सुयशला अंबडच्या कंपनीतून आठ दिवस सुट्टी. स्वतःच्या हाताने घड बुडवले की पोरगा पुन्हा कंपनीचं नाव काढणार नाही. बाप आहे मी त्याचा, ओळखतो.
लताला सांगितलं. म्हणाली, पाऊस अजून जायचा हाय, पुढं तुमचं तुम्ही बघा. चौतीस वर्षांच्या संसारात हिने एकदा शाबासकी दिली असेल तर शपथ.

५ सप्टेंबर, सकाळी ७
छाटणी सुरू. शेजारचा भिका बांधावर उभा राहून बघून गेला. जाताना मान हलवली. जळतो.

२२ सप्टेंबर
वेलींना नवी फूट झकास. पुण्याहून लेकीचा, राखीचा फोन. दादा दिवाळीला येतोय ना, मी विचारलं, तर म्हणाली, फोन आईकडे द्या. लता ओट्यावर जाऊन लेकीशी फोनवर कुजबुजत बसली. सरप्राइज असणार.

२ ऑक्टोबर
चार दिवस पाऊस. पानामागे पांढरी बुरशी. संकल्प: आभाळाकडे बघायचं नाही.

३ ऑक्टोबर
बघितलं. काळंकुट्ट.

११ ऑक्टोबर
घड कुजून गळताहेत. निम्मेच. एकट्या माणसाला सुट्टीत निम्मेच झेपतात, म्हणजे बरंच झालं. सुयश फोन उचलत नाही. ओव्हरटाइम. लता जेवताना माझ्याकडे बघत नाही. कारण विचारलं नाही. भीती वाटली.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
सुयश आला नाही. बुडवायला घडही उरले नाहीत.
दुपारी लता बोलली. पोरगा जूनमध्येच राजीनामा देऊन कायमचा घरी यायला निघाला होता. तिनेच अडवला. म्हणाली, आमचा जन्म गेला ह्या बागेत, तुझा नको. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही बागेत पाय ठेवला नसता, मग दिवसभर काय केलं असतं?
डोळ्यांत पाणी आलं. राग तर इतका आला की हिच्याशी जन्मात बोलायचं नाही, असं ठरवलं.
पुढच्या वर्षासाठी वेली तरी जगवायला हव्यात. चार वाजता फवारणी काढली. पाइप धरायला कोणी नव्हतं.
लताला हाक मारली. आली.