कॉलनीतली येळवस

प्रिय बसू,

फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून शेवटी कागद काढला आणि मुद्दाम तुझ्या नांदेडच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. चारचौघांसमोर पाकीट हातात पडलं की फोडावंच लागेल.

आधी खुशाली. तुझ्या दाजींची शुगर आटोक्यात आहे, जीभ नाही. परवा डब्यातले लाडू गेले, आणि मांजरावर आळ घेऊन हे मोकळे. लातुरात थंडी लई आहे. तुझी खोली तशीच ठेवली आहे, फक्त सध्या तिथं कॉलनीची बैठक भरते. तू ज्या टेबलावर बारावीचा अभ्यास केलास, त्याच टेबलावर चहाचे कप ठेवून आम्ही तुझ्या कंपनीच्या बारा मजल्यांना हरकत कशी घ्यायची ते ठरवतो. हसू नकोस. मास्तरीण होते मी, गप्प बसवायचीही सवय आहे आणि बोलतं करायचीही.

तुझे साहेब पेपरात म्हणाले, जुन्या लोकांना विकास नको असतो. कुणी सांगितलं त्यांना? लिफ्ट माझ्या गुडघ्यांना नको आहे का? बांधा की, वीस मजले बांधा, पण आमच्या मैदानावर नको. प्लॉट घेतले तेव्हा ते मैदान सगळ्यांसाठी मोकळं सोडलंय असं सांगूनच आम्हाला विकलं होतं. आता कुठला तरी जुना सातबारा काढून ते तुमच्या कंपनीचं झालं म्हणे. महापालिकेत त्यावर सुनावणी व्हायची आहे. आणि त्या मैदानाच्या कोपऱ्यात आमचा बोअर आहे, कॉलनीचा एकुलता एक. शेजारी एवढे फ्लॅट आणि त्यांचे चार-चार बोअर आले की आमचा कोरडा पडणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तरी तू इंजिनिअर आहेस म्हणून तुलाच विचारते, पडणार की नाही?

रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तो उन्हाळा आठवतो ना? नळाला नुसती हवा यायची. आपला बोअर तेवढा चालू होता, बारीक धारेनं का होईना. समोरच्या कोंडाबाई पाण्याचा स्वतःचा नंबर आपल्याला द्यायच्या. पोरगं अभ्यास करायलंय, त्याला अंघोळीला होऊ दे म्हणायच्या. त्या कोंडाबाईंनी आता टँकरमागं पळायचं का? मी नाही पळू देणार. स्पष्टच लिहिते, सुनावणीत काय व्हायचं ते होवो, तो बोअर मी कुणाला बुजवू देणार नाही.

आता येळवशीचं ऐक. दरवर्षी येळ अमावस्येला आपण देवणीच्या शेतात पूजेला आणि जेवायला जातो. या वर्षी कोंडाबाईंचे गुडघे इतके सुजले की जीपमध्ये चढता येईना. सगळी गल्ली शिवारात जाणार आणि मी एकटी भिंती बघत बसणार म्हणून लहान लेकरावाणी रडायला लागल्या. मला काही ते बघवेना. म्हटलं, चला, शेत नाही तर मैदान. दाजींनी कडबा आणला, बोअरजवळ त्याची खोपटासारखी कोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले. आमचं बघून दुसऱ्या गल्लीनं बेत बदलला, मग तिसरीनं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठात आंबील. शेतातली पूजा बटईदारानं केली. तुझी आठवण सारखी निघत होती. भज्जीतला कोवळा हरभरा वेचून खाणारा या वेळी कुणी नव्हता.

पूजा होते न होते तोच जेसीबी आला. मागं एका गाडीत पत्रे आणि लोखंडी खांब, अन् तुमच्या कंपनीची माणसं. सुनावणीच्या आधीच मैदानाला पत्रे ठोकायचे आणि बोअर बुजवायचा, असा बेत होता. आम्हाला बघून त्यांची तोंडं काय झाली म्हणून सांगू! अर्धं मैदान माणसांनी भरलेलं, वर सगळ्यांचा आग्रह, या जेवायला. चर शिंपायची वेळ झाली होती. शेताच्या बांधानं आंबील शिंपतात तशी आम्ही मैदानाभोवती शिंपत निघालो. जेसीबी वाटेतच होता, तर त्याच्यावरही शिंपडली. ड्रायव्हर निलंग्याकडचा. तो खाली उतरला, चपला काढल्या, कोपीपुढं हात जोडले आणि पंगतीत बसला. येळवशीला कामावर यावं लागलं म्हणून बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. मग पत्रे ठोकतो कोण? आले तसे गेले. आम्ही सगळ्या बाया त्या दिवशी इतक्या हसलो बसू, की पोटं दुखली.

जाताना तुमच्या सुपरवायझरनं माझ्यादेखत कुणाला तरी फोन लावला आणि ओरडून म्हणाला की आज कॉलनीत चिटपाखरू नसेल असं सांगितलं होतं ना तुम्ही. तेव्हा मीही हसले. घरी येऊन भांडी घासताना हात थांबला. तुझे साहेब पुण्याचे. त्यांच्या कॅलेंडरवर त्या दिवशी नुसती अमावस्या असते. येळवशीला लातूर ओस पडतं, घरोघर कुलपं लागतात, हे इथं वाढलेल्यालाच माहीत. आणि तुमच्या कंपनीत इथं वाढलेला माणूस एकच आहे. मी दाजींना सांगितलं नाही. कोंडाबाईंना तर नाहीच, त्या अजून विचारतात, बसू का नाही आला येळवशीला. मी मात्र रडले, आणि राग इतका आला की रात्री जेवले नाही. सुनावणीला कॉलनीतर्फे मीच बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही, पण माघारही घेणार नाही. तू साहेबांच्या बाजूला बसणार असशील तर खुशाल बस, त्यांचा पगार घेतोस. नकाशे घेऊन ये, माझ्याशी भांड, मला हरव. ते मला चालेल. पण घरांना कुलपं बघून येणाऱ्याला काय म्हणतात, ते तुलाही माहीत आहे, आणि तो शब्द मला माझ्या भावासाठी लिहवत नाही. इथून पुढं यायचं असेल तर आम्ही घरात असताना ये, बसू. आम्ही आता घरातच आहोत.

तुझीच, पण बोअरच्या बाजूची,
शिवगंगाअक्का