दीड तासाचं विमान

३ मार्च, सकाळ
लेकीला मुलगी झाली! रडले, हसले, परत रडले. गॅसवर दूध उतू गेलं, जाऊ दे मेलं.
शुक्रवारी संध्याकाळी सातला बाळ दवाखान्यातून घरी येणार. दारात पहिली मी घेणार. ठरलं म्हणजे ठरलं. विहीणबाई, लेकीच्या सासूबाई, पण इथूनच निघाल्यात, शुक्रवारीच, पहाटे सहाच्या बसने. बारा तास! शी! ते तेलकट सीट, ती मागे ओकणारी पोरं. आपण विमानाने. मुलगा फोनमध्ये बघून म्हणाला, सहाशे किलोमीटर, दीड तास. मी त्याच्या शाळेतल्या जुन्या नकाशावर लोकरीचा धागा लावून बघितला. वीतभर पण नाही.

४ मार्च
मुलाने सकाळी सातचं तिकीट काढलं. इतक्या लवकर कोण तोंड धुतं? बाराचं करायला लावलं. दीडला उतरणार, दोनला लेकीच्या घरी, वर एक डुलकी. मुलगा म्हणाला, आई, दोन तास आधी जावं लागतं. म्हटलं, दीड तासाच्या विमानाला दोन तास वाट बघायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सून तोंड फिरवून हसली. दिसलं मला.
पिवळं टोपडं विणायला घेतलंय. शेवटच्या ओळी विमानात.

५ मार्च
विहीणबाईंचा फोन. म्हणाल्या, तुम्ही पोचा सावकाश, मी चहा टाकून ठेवते. खवचट बाई! आम्ही वरून जाणार म्हटलं, तुम्ही खालून बघा.

६ मार्च, सकाळी, विमानतळ
कसली घाण पद्धत! चपला काढून ट्रेमध्ये ठेवायच्या आणि मग त्याच ट्रेमध्ये दुसऱ्याची पर्स. पुढच्याच्या मोज्यांचा वास नाकातून जाईना. आणि माझ्या सुया काढून घेतल्या! त्या पोलीसबाईला म्हटलं, अगं, टाके सुटतील. ऐकेना. शेवटी दोन बॉलपेनं मागून घेतली आणि टाके त्यांच्यावर चढवले.

दुपारी
विमान लेट. आता चारला म्हणे. शेजारचा गृहस्थ नखं खातोय आणि तुकडे खाली थुंकतोय. शी शी शी. असू दे. विहीणबाई आत्ता खड्ड्यांतून आपटत असतील.

साडेपाच
उतरलो. दीडच तास लागला! मुलाला सांगणार आहे.

साडेसहा
पट्टा गरगर फिरतोय, सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी नाही. जावयांना फोन केला तर म्हणतात, विमानतळापासून घर दीड-दोन तास, ट्रॅफिक असतो. हे आधी सांगायला नको? धाग्यात कुठे दिसलं ते?

७ मार्च, सकाळ
बॅग एकदाची मिळाली, पण काल पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. विहीणबाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर बाळ. त्यांची बस उलट लवकर आली. दारात बाळाला त्यांनीच घेतलं. बाळाच्या डोक्याला टोपडं. पिवळंच! बसमध्ये विणलं म्हणे, खिडकीची सीट होती, अख्खा दिवस निवांत मिळाला.
चहा टाकू का म्हणाल्या. टाका म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
मग बाळ माझ्याकडे दिलं. काय गं बाई ते नाक! माझं बोट धरलं आणि सोडेना.
माझं टोपडं अजून बॉलपेनांवर आहे, निळी शाई लागलीय. विहीणबाईंनी स्वतःच्या सुया आणून दिल्या. परत जाताना बरोबर जाऊ म्हणाल्या, बसने. शी!
खिडकीची सीट मात्र मला, हे आत्ताच सांगून ठेवलंय.