काळा रंग राहिलाय

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर नुसती रडत बसले, लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितेय, कारण मला भीती वाटतेय आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुमच्या शेवटच्या चित्राचे चार रंग छापून झाले होते, काळा तेवढा राहिला होता. आज त्याचा पहिला कागद मी छापला आणि तांबड्या चौकोनाशेजारी केसाएवढी पांढरी रेघ उघडी पडली! गिऱ्हाइकं विचारायची, नुसते चौकोन अन् पट्टे, हे चित्र कशाचं? तुम्ही म्हणायचात, कडांचं. त्या कडांमध्ये कधी एवढी तरी फट होती का हो?

चूक माझीच. तेराव्यानंतर गुलमंडीचं दुकान मी धुऊनपुसून काढलं आणि भिंतींवरची ओली गोणपाटं फेकून दिली. किती घाण वाटायची मला ती! कोरड्या हवेत कागद आखडतो म्हणून तुम्ही ती उन्हाळाभर भिजवत होता, हे आज कळलं. एका शब्दाने तरी सांगायचं होतंत.

आता नवी गोणपाटं टांगलीत. उरलेले नऊ कागद मूळ मापावर येतील ना? रंग हवा तिथूनच झिरपू देणारी, तुम्ही हाताने कापलेली काळ्याची फिल्म फ्रेमच्या जाळीवरून एका कोपऱ्यात सुटायला लागलीय. फार तर उद्याचा दिवस निघेल. पुन्हा तशी कड कोण कापणार?

लग्नपत्रिका, पिशव्या, सगळं माझ्याकडून छापून घेतलंत. चित्रांच्या वेळी मात्र मी फक्त फ्रेमची दुसरी बाजू धरायची. याचा राग अजून आहे. एकदा पत्रिकेवर रबराच्या पट्टीने जाळीवरून रंग ओढताना माझा हात अडला, डाग पडला. तेव्हा म्हणालात, "भ्यायचं ते आधी भिऊन घे. रबर ओढाया लागलीस की मधी थांबायचं नाय."

बिघडलेला कागद तुम्ही तिथंच फाडायचात आणि त्या दिवशी जेवायचा नाहीत. आजचा मी फाडला नाही. घरी आणून आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. म्हणाली, "उद्या फ्रेम मी धरते. तेवढं पुरं करू त्यांचं."

अण्णा, तिचे हात माझ्याहून जास्त कापतात हो!

उद्या सकाळी छापणार. नऊही बिघडले तर तुमचं शेवटचं चित्र माझ्या हातून गेलं. म्हणून आत्ता पोटभर भिऊन घेतेय. एकदा रबर ओढायला लागले की मधे थांबणार नाही, आईचा हात कापला तरी.

तुमची,
सुमन