उलट बोलणारी इंदू

९ नोव्हेंबर १९५४, धुळे
इंदूचा खटला आज उभा राहिला. पाच महिन्यांपूर्वी शेजारच्याच घरात नवऱ्यानं तिचा गळा दाबला. माझी विद्यार्थिनी. माधवनं मारलं, हे त्याचा वकीलही नाकारत नाही. वाद एवढाच: खून, की ‘रागाच्या भरात’. न्यायाधीशांना मत द्यायला बसवलेले चारही असेसर पुरुष. एक कापसाचा अडत्या, गालात पान. प्रतिष्ठित म्हणे.

१० नोव्हें.
माझी साक्ष झाली. सांगितलं: त्या दुपारी भांडण ऐकू आलं नाही. आधी आतून कडी लागली, मग इंदू ओरडली.
माधवचा वकील: “बाई, आपलं लग्न झालंय?”
“नाही.”
“मग नवरा-बायकोतलं आपल्याला काय कळणार?”
म्हटलं, “मी अजून मेलेलीही नाही वकीलसाहेब, तरी मेलेलं माणूस ओळखता येतं.”
न्यायाधीश म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. मग वकील, “मुलींना उलट बोलायला आपणच शिकवलंत ना?”
“स्पष्ट बोलायला.”
असेसर हसले. चौघेही.
घरी आले. सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिलं.

११ नोव्हें.
इंदूचा भाऊ भास्कर, एरंडोलचा. पोलिसांना म्हणाला होता, बहीण जिवाला भ्यायली होती. आज पिंजऱ्यात, “आठवत नाही.” वर, “ती तोंडाची तिखट होती.”
बाहेर झाडाखाली गाठला. खाली बघून म्हणाला, “बाई, आमचं साटंलोटं आहे. इंदू त्याला दिली, त्याची बहीण वत्सला मी केली. दोन पोरं आहेत. त्याला फाशी झाली तर वत्सला माझ्या घरात नांदेल का?”
“म्हणजे देवाणघेवाणीत एक नग फुटला, एवढंच?”
रडला. मला दया आली नाही. थोडी आली.

१३ नोव्हें.
दुसऱ्या बाजूची शेजारीण सीताक्का, खिडकीतून: “बिचारा माधव, लेकरासारखा रडला म्हणे कोर्टात. बाईमाणसानं जरा गप्प बसायला काय होतं?”
म्हटलं, “स्वतःच्या गळ्यासाठी रडतोय तो. इंदूलाही गळा होता, अक्का.”
खिडकी लावून घेतली तिनं. गल्लीत माझ्याशी बोलणारी तेवढी एकच उरली होती.

१४ नोव्हें.
दुपारी मागच्या दारानं वत्सला आली. माधवची बहीण, भास्करची बायको. पदर नाकापर्यंत.
म्हणाली, “बाई, मी मन्हा कानवरी ऐकेल शे.”
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी एकाच वेळी माहेरी जायच्या, साट्यालोट्यात तसंच चालतं. इंदू एरंडोलला, तर ही इथे, माधवच्या घरी. यंदा सांजोरी खाताखाता तो आईला म्हणाला, “पुढली आखाजीले ती माहेरी जाणार नही. कोठेच जाणार नही.” आई म्हणाली, हळू बोल.
खुनाच्या महिनाभर आधी. मग रागाचा भर कुठला!
म्हटलं, उद्या सरकारी साक्षी संपतात, आधी सरकारी वकिलांकडे चल, हेच सांग.
“मन्हा सख्खा भाऊ शे तो, बाई.” मग हळूच, “मी बोलनू तं दोन्ही घरं जातीन. मले कोण ठेवी?”
“मी.” तोंडातून गेलंच.
तिनं खोली पाहिली. एक खाट, एक खुर्ची, पुस्तकांची फळी.
“पोरं बी?”
“पोरंही.”
हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. पदर पुन्हा ओढला आणि गेली.
कोपऱ्यावर जाऊन सकाळी कोर्टात जायला टांगा सांगून आले. दोघींचा.