नळीतला मसाला

डोंबिवली (पूर्व),
१४ फेब्रुवारी १९९३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चॉकलेटं पोचली. चॉकलेटं हेमाने लपवली, पत्र मी. आम्ही खुशाल आहोत. जानेवारीच्या दंगलीत इथे काय काय झालं ते तू तिकडे ब्रेमेनला पेपरात वाचलंच असशील. आमच्या गल्लीत काही घडलं नाही, पण सोसायट्यांनी मिळून गस्त सुरू केली आहे. जिना चढताना दम लागणारी माणसं हातात हॉकी स्टिक घेऊन कोपऱ्यावर उभी असतात. एकाने तर मला माझ्याच फाटकात अडवून नाव विचारलं.

आता कामाचं. तुझ्या नादाने मी तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, त्याला दीड वर्ष झालं. पाणी आणि दगड धाकू आणून देतो. चेंदणीच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो धाकू नाखवा, तुला आठवत असेल. अजून होडी चालवतो, शिवाय घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत नळाची कामं घेतो. माझ्या मॅनेजरसमोरसुद्धा मला ‘हऱ्या’ म्हणतो. परवा त्याच्या दगडातून बोटाएवढी एक कोळंबी आली. ठोसे मारून शंख फोडते. आठवड्यात तिने सगळे शंख खाल्ले आणि जोकर माशाचा एक डोळा फोडला. शेवटी मी तिला चिमट्याने ठेचली, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

पण पाणी कोऱ्या चहासारखं पिवळं झालंय, दगडांवर हिरवा बुळबुळीत थर येतोय आणि पोवळी उघडत नाहीत. तुझ्या मित्राच्या टाकीला एक नळी लावली आहे, त्यातून पाणी स्वच्छ होऊन येतं, असं तू लिहिलं होतंस. ती कशी निवडायची, कशी सांभाळायची, ते मला समजेल अशा भाषेत लिही.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावर आहे तशीच माया राहू दे.
तुझा,
हरिहर

ब्रेमेन,
१ मार्च १९९३

चि. हरिहर यास अनेक आशीर्वाद.

कोळंबीचा खून करून मोठ्या भावाला पत्रात कळवणारा तूच. असो.

त्या नळीला इथे रिअ‍ॅक्टर म्हणतात. नावाला घाबरू नकोस, आत अणू-बिणू काही नाही. उभी नळी, तळातून पाणी आत, वरून बाहेर, मध्ये मसाला. उशीतल्या कापसापासून टॉर्चमधल्या सेलपर्यंत सगळ्याला बाबा मसालाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. इथला शब्द लिहिला तर तुझी दातखीळ बसेल.

तुला दोन नळ्या लागतील. एकीत दाणेदार कोळसा, तो पिवळेपणा खाईल. दुसरीत मी पाठवतोय ते पांढरे दाणे. ज्या फॉस्फेटवर तो हिरवा थर पोसतो, ते दाणे शोषून घेतात. दोन्ही एका नळीत कोंबू नकोस, कारण दोघं एकाच वेळी संपत नाहीत. नळी बारीक आणि उंच घेण्यापेक्षा चार इंची जाड घे. कोळसा हलू देऊ नकोस, हलला की घासून त्याची पूड होते. दाणे मात्र जरा डुलले पाहिजेत, भात शिजताना शितं डुलतात तेवढेच. दोन्ही टोकांना स्पंज लाव. भरण्याआधी मसाला धू, पाणी नितळ येईपर्यंत धू, तुझ्या आंघोळीसारखं नको. नळी उघडायची झाली तर आधी आत येणारं पाणी बंद कर, मग बाहेर जाणारं. उलटं केलंस तर झाकण तोंडावर येईल.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सुरुवातीला अर्धाच भर. पाणी एकदम लख्ख झालं तर आत अचानक जास्त उजेड पोचतो आणि पोवळी पांढरी पडून मरतात. कोळसा महिन्याने बदल, दाणे पाण्याची तपासणी करून. पंप आणि दाणे ओळखीच्या बाईंबरोबर पाठवले आहेत, या आठवड्यात पोचतील.

हेमाला आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी रागावतो हे माहीत आहे ना?
तुझा,
दादा

डोंबिवली,
२६ मार्च १९९३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

बारा तारखेच्या मुंबईतल्या स्फोटांचं तुला कळलंच असेल. आपली सगळी माणसं सुखरूप आहेत. पण माल समुद्रातून, होड्यांनी उतरवला असं पेपरात रोज येतंय आणि लोक कोळ्यांकडे वळून वळून बघतात. गस्त आता दिवसाही असते.

स्फोटांच्या आधी, तुझं पत्र आणि सामान मिळाल्या मिळाल्या, मी सगळं आमच्या बँकेतल्या, ठाण्याला राहणाऱ्या एका माणसाबरोबर धाकूकडे पाठवलं होतं. नळ्या त्यानेच बनवायच्या होत्या. सोबत चिठ्ठी दिली होती. ती मला आता पाठ झाली आहे. ‘दोन्ही नळ्यांत मसाला अर्धाच भर, ठासू नकोस. वायर मी जोडीन. पाणी खोल समुद्रातलं आण. रविवारी सकाळी घेऊन ये. वाटेत कुणाला उघडू देऊ नकोस.’ खाली सही नाही. धाकूला लिहिताना सही कोण करतो?

गेल्या रविवारी, एकवीस तारखेला, सकाळी टेम्पोने त्याला कोपऱ्यावर सोडलं. गस्तवाल्यांनी अडवलं. दोन नळ्या, आत काळे-पांढरे दाणे, वायर लोंबणारा पंप, दोन मोठे कॅन, आणि माणूस कोळी. खिशातून चिठ्ठी निघाली. कुणीतरी ती मोठ्याने वाचली. ‘मसाला’ शब्द आल्यावर त्याला कुणी बोलूच दिलं नाही. कोळसा आहे, माशांसाठी आहे, असं तो सांगत राहिला. आधी हातांनी मारलं, मग काठ्यांनी, मग हॉकी स्टिकने. खाली पडला तेव्हा छातीवर उभे राहिले. एक काठी डाव्या कानावर बसली आणि मानेवरून रक्ताची धार शर्टाच्या आत गेली. त्याने आमचा पत्ता सांगितला म्हणून फरपटत आमच्या फाटकाशी आणला. त्याने माझ्या नावाने बऱ्याच हाका मारल्या. मग एकाएकी म्हणाला, मी बिल्डिंग चुकलो, ही नव्हे. त्यावर लोक फारच चिडले. त्याचा उजवा हात गटाराच्या कडेवर धरला आणि वरून फरशी घातली. दोनदा. शेवटी पोलीस घेऊन गेले. जामीनच मिळत नाही असा कायदा लावणार म्हणतात.

मी नेमका बँकेत होतो. हेमा एकटीच घरी.

मी जाऊन सांगणार आहेच. पण सासरे म्हणतात जरा निवू दे. चौकशी लागली की बँकेतली नोकरी गेलीच म्हणायची. परवाच्या पाडव्याला गुढी उभारली नाही. पाणी तसंच पिवळं आहे.

काय करू ते लिही. तुझ्या लोभाची आत्ता जास्त गरज आहे.
हरिहर

ब्रेमेन,
६ एप्रिल १९९३

चि. हरिहर यास आशीर्वाद, तो सवयीने लिहिला आहे.

एकवीस तारीख रविवार होती. रविवारी तुझी बँक कधीपासून उघडी असते? रक्ताची धार शर्टाच्या आत गेली हे तुला कुणी सांगितलं? ऐकलेली मारामारी माणूस असा लिहीत नाही. तू घरात होतास. तू वरून पाहत होतास.

पंधरा दिवस तो आत आहे आणि तुझ्या पत्रापर्यंत तरी पोलीस तुझ्या दारात आलेले नव्हते. तुझं नाव पोलिसांना सांगायचं त्याने टाळलं आहे, हे न कळण्याइतका तू भाबडा नाहीस. तिथे काय करून नावं काढून घेतात ते लिहिण्याची मला गरज नाही. तू सही केली नाहीस ना? मग त्या सहीचे घाव रोज त्याच्या अंगावर बसत आहेत.

माझं एक मार्चचं पत्र घेऊन जा. त्यात मसाला म्हणजे काय ते माझ्या अक्षरात आहे. पाकिटावर इथला शिक्का आहे, तारीख आहे. चिठ्ठीचं अक्षर जुळवायला तुझा हात घेऊन जा. नोकरी जाईल तर जाऊ दे. मला तुझी लाज वाटते आणि काळजीही वाटते, पण या पत्रात लाज जास्त आहे असं समज.

पत्र मिळेल त्याच दिवशी जा. मग मला लिही. त्याआधी लिहू नकोस.
गुरुदत्त

डोंबिवली,
२५ एप्रिल १९९३

ती. दादांस,
हेमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

ह्यांना अजून पेन धरवत नाही म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र सोळाला आलं. वाचून हे तसेच पायात चपला घालून पोलीस ठाण्यात गेले. मी सोबत गेले, मला बाहेर बसवलं. साहेबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं म्हणे. मग विचारलं की इतके दिवस कुठे होतास. तिथे उभ्या असलेल्या शिपायाने ह्यांच्या तोंडात इतक्या जोरात मारली की दाढ पडली. मग बोटांवर पट्टे मारले. दोन दिवस बसवून ठेवलं.

सतराला टाकी बघायला घरी आले. वाळूखाली काही पुरलंय का ते पाहायचं होतं. वाळू हाताने उपसा, मी देते भांडं, असं मी म्हणत होते, तोवर एकाने लाठी मारली. सगळं पाणी घरभर. मासे पलंगाखाली, मिक्सरमागे, उंबऱ्यापाशी उड्या मारत होते. मी बादलीत गोळा केले, संध्याकाळपर्यंत सगळे मेले. एक बुटाखाली चिरडला होता तो फरशीवरून खरवडावा लागला. वाळूखाली वाळूच निघाली.

धाकूभाऊंना एकोणीसला सोडलं. आत त्यांना टांगून मारलं होतं, तळव्यांची सालं गेली होती. सरकारी दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागली. उरलेली मिटत नाहीत. जाळं ओढणं संपलं. डाव्या कानाने ऐकू येत नाही.

आता तुम्हाला जे विचारायचं असेल ते मीच सांगते. त्या सकाळी हे घरात होते. हे जिन्याकडे निघाले तेव्हा कडी मी लावली. जाऊ नका, मारून टाकतील, असं मी म्हणाले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. खालून विचारलं तेव्हा घरात कुणी नाही असं मीच ओरडून सांगितलं. पण कडी आतून होती दादा, आणि मी काही पहिलवान नाही. हे मला बाजूला करू शकले असते. ह्यांनी मागे जाऊन खिडकीचा पडदा धरला.

बँकेने तूर्त कामावरून काढलं नाही. ह्यांनी धाकूभाऊंना पत्र लिहायला घेतलं आहे, हात बरा झाला की पुरं करतील. तुम्ही आम्हा दोघांवर रागवा, पण तोडू नका.
आपली,
सौ. हेमा

चेंदणी, ठाणे,
१५ जून १९९३

श्री. हरिहर पळसुले यांस,
धाकू नाखवा याचा नमस्कार.

पत्र मिळालं. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर समजून घ्यावं. आपण भेटायला येऊ का असं विचारलंत. येऊ नये, अशी विनंती.

कारण सांगतो. माझ्या आईला, दगडाबाईला, एवढंच माहीत आहे की आपण त्या दिवशी घरात नव्हता आणि नंतर स्वतः मार खाऊन मला सोडवलंत. ती शेजारीपाजारी तसं सांगते. आपण आलात तर ती म्हातारी आपल्या पाया पडेल. ते मला बघवणार नाय.

गस्तवाल्यांचा मला राग नाही असं नाही. एकेकाचं तोंड लक्षात आहे. स्वप्नात त्यांचे हात मी कोयत्याने तोडतो आणि जागा होतो. पण ते मला ओळखत नव्हते म्हणून त्यांनी मारलं.

फाटकाशी मी सात हाका मारल्या. हऱ्या म्हणून मारल्या, दुसऱ्या नावाने मला येत नव्हतं. सातव्या हाकेला खिडकीचा पडदा हलला आणि आपला चेहरा दिसला. शाळेत मास्तर छडी घेऊन यायचे तेव्हा आपला चेहरा व्हायचा तसाच होता. मला वाटलं, हा खाली आला तर ह्यालाही धरतील आणि हा पहिल्याच काठीला मरेल. म्हणून मी लोकांना सांगितलं की मी बिल्डिंग चुकलो. मी खोटं बोललो म्हणून त्यांनी फरशी घातली. आत पोलिसांनाही मी तेच सांगत राहिलो, कारण एकदा सांगितलं होतं.

आपण येणार असं मला रोज वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाटलं, तिसऱ्या दिवशी वाटलं. पुढे मोजणं सोडलं.

होडी चुलतभावाला दिली. नळाची कामं डाव्या हाताने जमतात तेवढी करतो. पाणी आणि दगड आता दुसऱ्या कुणाकडून घ्यावेत.

आईने आपल्याला खूप आशीर्वाद सांगितले आहेत. तेवढे तिचे म्हणून घ्यावेत.
आपला,
धाकू नाखवा