समुद्राकाठचं एका आठवड्याचं घर

ताई, तू मला गेली दोन पत्रं वेड्यात काढते आहेस, आणि दाजी म्हणे खानावळीत सांगत सुटलेत की आमच्या मेव्हण्यानं स्पेनमध्ये कॅलेंडरचं पान विकत घेतलं. हसू देत. अख्खं पान नव्हतंच ते, एक आठवडाच होता. आणि घरजावयानं दुसऱ्याच्या घराला हसू नये (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). असो, भांडण बाजूला ठेवून आधी रीत पाळतो: तुला आणि दाजींना नमस्कार, आईचे गुडघे कसे आहेत ते कळव, वुकानला पापा. मी बरा आहे. थोडा काळवंडलोय.

तुला वाटतं मी पिऊन सही केली. पिऊन नाही, पीत पीत केली, फरक आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या पोहण्याच्या तलावांत निळ्या फरशा बसवणाऱ्या माणसाला रविवारी काय करावं सुचत नाही, पाय आपोआप समुद्राकडे जातात. तिथे एका मुलीनं खरवडायचं कार्ड हातात दिलं. खरवडलं, तर बक्षीस: फुकट नाश्ता. (ते सगळ्यांनाच लागतं, हे मागाहून कळलं.) नाश्त्याला समोर बसला विदोये नावाचा, घरं विकणारा माणूस. बोलत होता स्पॅनिश, पण माझ्या हातून कॉफी सांडली, तोंडातून शिवी गेली आणि तो म्हणाला, "नेगोतीनकडचा का रे तू?" आपल्याच मुलखाचा निघाला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं आलुबुखाराच्या राकियाची बाटली काढली आणि मला विकाऊ घराच्या बाल्कनीत नेलं. खाली समुद्र असा पडला होता की जणू कुणी जागं होऊन परत कूस वळवलीय. विदोये कसलेकसले आकडे सांगत होता आणि मला तिथल्या खुर्चीत आई दिसत होती. बूट काढलेले, डोक्याचा काळा रुमाल सैल सोडलेला. तिनं आयुष्यात समुद्र पाहिला नाही, ताई. मी तिला हाक मारणार होतो, पण हातात पेन आलं.

तर वर्षातून एक आठवडा ते घर माझं, बाकीचे एक्कावन्न आठवडे लोकांचं. किंमत नऊ हजार युरो. कर्जही त्यांनीच काढून दिलं, आणि देखभालीचे दोनशे चाळीस युरो दरवर्षी निराळे, मी जिवंत असेन तोवर. आठवडा मिळाला फेब्रुवारीतला. तेव्हा त्यांचा तलाव दुरुस्तीला रिकामा करतात, आणि दुरुस्तीचं काम कुणाला मिळालं? आमच्याच मुकादमाला. म्हणजे माझा आठवडा मी माझ्याच घराच्या तलावात उकिडवा बसून फरशा लावण्यात घालवला. मान वर केली की माझी बाल्कनी दिसायची. तिथे कुणाचा तरी टॉवेल वाळत होता, कारण देखभालीचे पैसे थकल्यामुळे त्यांनी माझा आठवडा परस्पर एका जोडप्याला भाड्यानं दिला होता. त्यातली म्हातारी रोज संध्याकाळी मला हात करायची. मीही करायचो. रिकाम्या तलावात आभाळ फार मोठं दिसतं, ताई. मला तर तळाशी उभं राहून वाटायचं की पाणी भरलेलंच आहे आणि मी खाली राहतो, वरचे लोक हळूहळू पोहत जेवायला चाललेत. मुकादम ओरडला की पाणी ओसरायचं.

मग मी सोडवून घ्यायला गेलो. कचेरीतली बाई गोड बोलली: करारातून बाहेर पडता येत नाही, तुम्ही गेल्यावर तो वारसाकडे जातो. म्हटलं, बायको नाही, पोर नाही. ती माझे कागद चाळत म्हणाली, बहिणीला मुलगा आहे ना. म्हणजे तुझा वुकान दुधाचे दात पडायच्या आत कर्जदार. त्या रात्री जेवण गेलं नाही. एक कंपनी असल्या करारांतून सोडवते असं समजलं, पण ती आधी अठराशे युरो मागत होती, आणि तिच्याही भिंतीवर या कचेरीतलाच समुद्राचा फोटो टांगलेला होता.

शेवटी भर दुपारी कॅफेत जाऊन विदोयेसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "देवाच्या आणि संत योव्हानच्या नावानं तुला कूम करतो." आपल्याकडे देवाच्या नावानं जोडलेल्या या नात्याला नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते आजी सांगायची. त्याच्याही आजीनं सांगितलेलं असणार, कारण त्यानं कप खाली ठेवून आधी छातीवर क्रूस काढला.

"गाढवा, गिऱ्हाइकांदेखत असलं बोलतात का?"

"बोललो आता."

"परत घे."

"देवाचं नाव कसं परत घेऊ?"

मग तो स्वतःच पुटपुटला की कूमच्या मानेवर कर्ज ठेवलं तर आपली मान मोडते. सही झाल्यावर चौदा दिवस गिऱ्हाइकाकडून पैसा घ्यायचा नाही असा इथला कायदा आहे म्हणे, आणि त्यानं माझ्याकडून नाश्त्याच्याच टेबलावर सहाशे घेतले होते. ते त्यानं आपल्या हातानं लिहून दिलं. मालकानं त्याला कामावरून काढलं, पण करार फाटला, कर्जही गेलं, सहाशेतले अर्धे परत आले. त्या संध्याकाळी मी वाळूवर अनवाणी चालत गेलो आणि समुद्र पहिल्यांदाच नुसता समुद्र वाटला, कुणाचाच नसलेला.

तुझा धाकटा,
स्रेतेन

ता. क. लग्न नाही, पोर नाही, मग कूम कुणाचा, असं तू आत्ता विचारते आहेस. वुकानचा. त्याचा धर्मबाप म्हणून त्याचं जावळ विदोये कापेल. दाजींनी तो मान ट्रॅक्टरवाल्या दोस्ताला कबूल केलाय हे मला ठाऊक आहे. त्याला म्हणावं, पुढच्या पोराला.

ता. क. विदोये संत लुकाच्या दिवशी आपल्या घरच्या संताच्या सणाला, स्लावाला येईल. बायको आणि सासू सोबत. एवढ्या लांबून येणार म्हणजे आठवडाभर राहणारच. आणि कूमला स्लावाचं आमंत्रण लागत नाही, तो दरवर्षी येतो, हे काय तुला सांगायचं. मागच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं असं विचारत होता. मी नदी सांगितली, धुकं सांगितलं, पलीकडच्या काठावरच्या मेंढ्या सांगितल्या. त्याचे डोळे भरून आले, बिचारा "कधी येऊ" एवढंच म्हणाला.

ता. क. तेव्हा त्या खोलीतला मका हलवा. रंग, तीन गाद्या आणि एक कोकरू यांच्यासाठी पैसे पाठवतोय, दरवर्षी याच सुमारास पाठवत जाईन: दोनशे चाळीस युरो.