नूर महंमद गप्प बसला तेव्हा

४ एप्रिल १९८७, शनिवार

जिंकलो! म्हणजे अभिमन जिंकला. मतदानाला अजून दोन आठवडे आहेत, पण आज समोरासमोरमध्येच निकाल लागला असं सगळी गिरणी म्हणते आहे.

युनियनचा अध्यक्ष जळगावचा वकील. वर्षातून दोनदा धुळ्याला येतो, हार घालून घेतो, जातो. खरा कारभार उपाध्यक्षाचा. मॅनेजरसाहेबांसमोर खुर्ची ओढून बसतो तो उपाध्यक्ष. म्हणून त्याच्या निवडणुकीत दर खेपेला ही समोरासमोर होते. पहिली पाळी सुटली की कँटीनमागच्या कडुनिंबाखाली कापसाच्या दोन गाठी टाकायच्या. दोन्ही उमेदवार त्यांवर. कामगारांनी बॉबिनच्या रिकाम्या पेटीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि युनियनचे जुने सभासद नाना यांनी एकेक काढून मोठ्याने वाचायची. चिठ्ठीवर नाव नाही. उत्तर चुकवायचं नाही.

अभिमन माझ्या गावचा, शाळेत एका बाकावरचा, आता रीलिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. काय बोलला! भाषण मीच लिहून दिलं होतं, तरी ऐकताना मलाच नवीन वाटत होतं. टाळ्या तीनदा.

समोर नूर महंमद. मुळातच कमी बोलणारा. गेल्या दसऱ्यापर्यंत हेल्पर होता, मग फिटर झाला — हजेरीचा क्लार्क म्हणून नवीन टोकन मीच काढून दिलं. चौथी चिठ्ठी त्याच्यासाठी निघाली. नानांनी वाचली: ‘कार्डिंगच्या मशीनमध्ये हिलालची चार बोटं गेली. चूक हिलालचीच, असा रिपोर्ट झाला. त्यावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे. का केली?’

बसला गप्प! इतका वेळ, की नानांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मागून कोणीतरी ओरडलं, ‘भोंगा वाजवा रे!’ हशा. शेवटी उठला, ‘सही माझीच आहे,’ म्हणाला आणि खाली बसला. बस्स, एवढंच.

संध्याकाळी नळावर शेजारच्या भिकुबाई (त्याही रीलिंगमध्ये) हात नाचवत सांगत होत्या — ‘अभिमनभाऊ काय बोलना वं! आनि तो नूर, मूग गिळीसन बसना!’

ती चिठ्ठी मी टाकली होती.

५ एप्रिल, रविवार

हिची माहेरी रवानगी. आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं निमित्त! आखाजीला अजून महिना आहे. फैजपूरची गाडी सुटली तसा मी बाजारात गेलो आणि भेटेल त्या कामगाराला विचारत सुटलो, समोरासमोरमध्ये कोण जिंकलं? अकरा जण भेटले. नऊ म्हणाले अभिमन. एक म्हणाला नूर, पण तो नूरचा मेहुणा. एकाला झोप लागली होती.

नावं इथेच लिहून ठेवतो. अभिमनला दाखवीन.

७ एप्रिल, मंगळवार

हजेरीच्या खिडकीतून टोकन देता देता सगळ्यांना विचारतो. अभिमन, अभिमन, अभिमन. लिहून कंटाळा आला.

८ एप्रिल, बुधवार

कार्डिंगचा म्हातारा पुना टोकन घेऊन दोन पावलं गेला आणि परत आला. म्हणाला, ‘भाऊसाहेब, तो नूर खोटं तर नाही बोलला. काहीतरी थाप मारता आली असती की.’

एक मत फुटलं तर काय होतं! मी हसलो. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

हिलाल आजही गेटवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला, आठ दिवसांत कामावरून काढलं. तेव्हापासून पाळी बदलताना रोज येऊन उभा राहतो. उजव्या हाताला एक अंगठा. कोणी चहा पाजतं, कोणी बिडी पेटवून देतं. काढलं का, तर मशीनचं झाकण त्यानं स्वतःच काढून ठेवलं होतं, असं रिपोर्टात आहे. वकिलांनी मागेच सांगितलं होतं की साक्षीदारानं जबाब बदलला तर हिलालला परत घ्यावंच लागेल, हलक्या कामावर का होईना.

आज तो पाच-सहा जणांना सांगत होता: समोरासमोर झाली त्या दिवशी नूर त्याच्या घरी आला. हिलालच्या पायाशी बसला. ‘बोलना काहीच नई. नुसता रडना.’ मी आत निघून आलो.

११ एप्रिल, शनिवार

आज विचारलेले तेरा. अभिमन सहा, नूर सात.

भिकुबाई नळावर: ‘तो बोलना नई, पन खोटं बी बोलना नई ना! अभिमनभाऊ ते पोपट शे. कोन पढाडस त्याले, देव जाने.’

मी बादली तशीच अर्धी उचलून घरात आणली.

१२ एप्रिल, रविवार

लिहून टाकतो. इथे नाही लिहायचं तर कुठे?

झाकण हिलालनं काढलं नव्हतं. ते सहा महिन्यांपासून नव्हतंच. मोडलं होतं, नवीन आणलं नाही, मशीन चालू ठेवलं. रिपोर्ट साहेबांनी सांगितला आणि मी लिहिला. माझ्याच अक्षरात, जे अक्षर सगळे छान म्हणतात! साक्षीदार पाहिजे होता. नूर दारापाशी उभा होता. मी हाक मारली, म्हटलं, ‘अपघात झाला तेव्हा तू हजर होतास, एवढंच लिहिलंय. कर सही.’ त्यानं कागद हातात घेतला, पाहिला, सही केली. मला वाटलं, उर्दू शाळेतला माणूस, त्याला काय वाचता येणार. ते बरंच झालं असंही वाटलं.

त्या दिवशी गाठीवर बसून तो म्हणू शकला असता — हजेरीच्या क्लार्कनं फसवून सही घेतली. मी समोरच उभा होतो. त्यानं माझं नाव घेतलं नाही.

आणि मी चिठ्ठी का टाकली? अभिमन निवडून यावा म्हणून, असं मनाला सांगत होतो. खोटं. ते पाप चारचौघांत नूरच्या नावावर लागलं की माझ्या नावावरून उतरेल असं वाटलं होतं. असा मी आहे.

जेवण गेलं नाही. हिची आठवण आली. मग ती इथे नाही तेच बरं वाटलं.

१४ एप्रिल, मंगळवार

पाच तारखेच्या बाजारातल्या नऊ जणांना परत गाठलं. आठ जण म्हणाले नूर. त्याचं काही नाही, माणसाचं मत बदलतं. पण ते म्हणतात की आम्ही पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो! ‘त्याच दिवशी कळलं भाऊसाहेब, माणूस खरा आहे.’ त्यांची नावं माझ्याकडे आहेत, तारखेसकट. ते खोटं बोलत नाहीत, हीच तर भीती. त्यांना खरंच तसं आठवतं. हसलो होतो हे एकालाही आठवत नाही. ‘भोंगा वाजवा’ ओरडलेला माणूस मला माहीत आहे. तो आज नूरच्या प्रचारात खळीचं डबडं घेऊन पत्रकं चिकटवतो आहे.

अभिमनच्या भाषणातलं एकही वाक्य कोणाला सांगता येईना. मला येतं. मी लिहिलं होतं.

संध्याकाळी अभिमन घरी आला. खाटेवर बसलाच नाही. ‘ती चिठ्ठी कोणी टाकली रे? लोक म्हणतात, मीच टाकली! ज्यानं टाकली त्यानं माझं वाटोळं केलं.’ मी म्हटलं, कोण जाणे. पाणी दिलं. तो न पिताच गेला.

१५ एप्रिल, बुधवार

नानांकडे गेलो. सहज विचारावं तसं विचारलं की त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय करता? म्हणाले, ‘जाळतो. पण ती एक नूर घेऊन गेला. मला विचारलेला प्रश्न मला द्या, म्हणाला.’ मग हसले. ‘गंमत म्हणजे, तिच्यावर कोपऱ्यात तारीख होती. चिठ्ठीवर कोणी तारीख टाकतं का?’

मी टाकतो! बावीस वर्षं हजेरीपट लिहून हाताला खोडच लागली आहे. कागद पुढे आला की आधी उजव्या कोपऱ्यात तारीख, मग बाकीचं. किराण्याच्या यादीवरसुद्धा. ही हसते त्याला. अक्षर बदलायला डाव्या हातानं लिहिली होती ती चिठ्ठी. आणि त्याच डाव्या हातानं वर तारीख घातली!

नूरला कळलं असणार. खिडकीपाशी रोज येतो. टोकन घेतो, ‘सलाम भाऊसाहेब’ म्हणतो, जातो.

१६ एप्रिल, गुरुवार

आज कोणाला विचारलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

मतदान. उन्हात दुपारपर्यंत रांग. नूर महंमद २६३, अभिमन १२१. नूरला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत तो एकटाच हसत नव्हता. अभिमन मोजणी संपायच्या आत सायकल घेऊन निघून गेला.

मी मत नूरला दिलं. अभिमनला हे कधी सांगणार नाही.

ठरवलं आहे. खरा रिपोर्ट लिहायचा — झाकण नव्हतं, मी खोटं लिहिलं, साक्षीदाराला न वाचता सही करायला लावली. खाली माझी सही, त्याखाली नूरची. उपाध्यक्ष म्हणून तो साहेबांसमोर ठेवील, वकील जळगावात बघतील. हिलाल परत येईल. माझी नोकरी जाईल. जाऊ दे.

१९ एप्रिल, रविवार

सकाळपासून लिहितो आहे. चार पानं झाली, मग कमी करत करत एकच केलं. स्वतःला सावरून घेणारी वाक्यं काढली की एकच पान उरतं. सात महिन्यांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

२० एप्रिल, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत नूरला ऑफिसात बोलावलं. दार लावलं. म्हटलं, ‘त्या दिवशी तुला फसवलं. आज पूर्ण वाचून दाखवतो, मगच सही कर.’

‘राहू द्या भाऊसाहेब. मला वाचता येतं.’

उभ्या उभ्या वाचलं, ओठसुद्धा न हलवता. मग म्हणाला, ‘मराठी होतं आमच्या शाळेत. त्या दिवशीही वाचलं होतं. वाचूनच सही केली.’

त्यानंच पुढे सांगितलं, ‘साहेबांनी सहीच्या आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात फिटर झालो. टोकन तुम्हीच दिलं ना?’

म्हणजे माझं नाव त्यानं वाचवलं नव्हतंच. लोकांना त्या गप्प बसण्यात खरेपणा दिसला, मला मोठेपणा दिसला. तो नुसता अडकला होता. पण हिलालच्या पायाशी रडला तेही खरंच असेल. मला आता काहीच सांगता येत नाही.

म्हटलं, ‘झालं ते झालं. आज सही कर. तू आणि मी दोघं मिळून.’

तो पुन्हा तसाच गप्प. या खेपेला हसायला कोणी नव्हतं. मग हळूच म्हणाला, ‘मी गप्प बसलो म्हणून लोकांनी निवडून दिलं, भाऊसाहेब. आता बोललो तर त्यांना काय वाटेल?’

कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दुसऱ्या खिशातून ती चिठ्ठी काढली, माझ्या टेबलावर ठेवली. ‘तारीख टाकायची सवय सोडा.’ धमकी नव्हती आवाजात. काळजीच होती.

२१ एप्रिल, मंगळवार

मी एकटा सही करून दुसरा कागद देऊ शकलो असतो. दौतीत शाई होती, सकाळचा वेळही होता. लिहिला नाही.

गेटवर हिलाल पेढे वाटत होता. मला डाव्या हातानं दिला. ‘आते आपला मानूस शे वर, भाऊसाहेब. आते व्हई मन्हं काम.’

मी पेढा खाल्ला.